उतारावरची पत्रं : जॅक्सन होलला जावं का?

या वेळी आलेल्या पत्रांत वायोमिंगमधल्या जॅक्सन होल या स्की रिसॉर्टचा विषय इतका आहे, की बाकीची पत्रं पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको कोलोरॅडोत निळ्या (मध्यम) उतारांवर बिनधास्त स्की करतो, कधीमधी काळ्या (अवघड) उतारांवरही जातो. फेब्रुवारीत जॅक्सन होलचा बेत आहे. मित्र म्हणतात, तिथला निळा म्हणजे इतर ठिकाणचा काळा. पैसे वाया जातील का?
— एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : मित्रांनी मीठमसाला लावलाय, पण फार नाही. सोप्या उताराचा हिरवा गोल, मध्यमचा निळा चौकोन, अवघडचा काळा हिरा ही काही देशभर सारखी असलेली मापं नाहीत. प्रत्येक रिसॉर्ट आपल्याच डोंगरावरचे उतार एकमेकांशी ताडून खुणा देतं. जॅक्सन होलमध्ये साधारण निम्मा भाग तज्ज्ञांसाठी, 40 टक्के मधल्या पातळीसाठी आणि जेमतेम 10 टक्के नवशिक्यांसाठी असं ते स्वतःच सांगतात. अशा डोंगरावर निळा थोडा चढाच असणार.

पण 40 टक्के म्हणजे थोडीथोडकी जागा नव्हे. रिसॉर्ट 2,500 एकरांचं आहे. पहिली सकाळ रिसॉर्टमधल्या आप्रे व्हू या डोंगराच्या बाजूला काढा. तिथले वर्नर आणि मोरान हे उतार यंत्राने सारखे केलेले, रुंद आणि चांगलेच वेगवान आहेत. तिथे वेग हातात राहिला, तर शेजारच्या कॅस्पर भागाकडे या आणि मग ब्रिजर गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या छोट्या डब्यांनी, वर जा. डोंगराचं तोंड मुख्यतः पूर्वेला असल्यामुळे ऊन सकाळी मिळतं. दुपारी सावली लवकर पडते आणि खालच्या भागातला मऊ झालेला बर्फ पुन्हा कडक होतो. अवघड काही करायचं असेल तर ते जेवणाआधी उरका.

एक मात्र करू नका. केवळ नाव ऐकलंय म्हणून पहिल्याच दिवशी ट्रॅमच्या, म्हणजे तारेवरून शिखरावर जाणाऱ्या मोठ्या डब्याच्या, रांगेत उभे राहू नका. हा लाल डबा शंभर माणसांना दहाएक मिनिटांत 4,139 फूट वर नेऊन 10,450 फुटांवर सोडतो, आणि तिथून खाली यायला हिरवी किंवा निळी वाट नाही. त्यातल्या त्यात सोपा राँदेव्हू बोल हा वाटीसारखा खोलगट उतार, आणि तोही काळाच. ढग उतरले की त्या उघड्या, झाडं नसलेल्या उतारावर जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. वर जाऊन नजारा बघायचा, तिथल्या झोपडीवजा खानावळीत वाफल खायचं आणि ट्रॅमनेच परत यायचं, असंही करता येतं. मी पाहुण्यांना सर्रास तसंच करायला लावते.

प्रश्न : उतार अमुक एका मर्यादेपलीकडे गेला की माझे पाय लटपटतात. 45 अंश म्हणजे नक्की किती? आणि अशा उतारावर वळायचं कसं?
— एक वाचक, सॉल्ट लेक सिटी

उत्तर : आधी अंश आणि टक्के यांतला गोंधळ मिटवू. 45 अंश म्हणजे 100 टक्के चढाव : जितकं आडवं तितकंच उभं. 30 अंश म्हणजे सुमारे 58 टक्के. ‘मी 60 टक्क्यांचा उतार उतरलो’ असं कुणी सांगितलं तर तो 31 अंशांच्या आसपास असतो. वाईट नाही, पण कडाही नाही. खरोखरच्या 40 अंशांवर उभं राहून डोंगराच्या बाजूचा हात लांब केला, की तो बर्फाला टेकू लागतो.

पाय लटपटतात याचं कारण बहुतेक वेळा पायांत नसतंच. घाबरलेलं शरीर डोंगराकडे झुकतं. डोंगराकडे झुकलं की खालच्या स्कीवरचा भार जातो, तिची कड बर्फात रुतत नाही, ती सटकते, आणि आपण आणखी झुकतो. म्हणजे सुरक्षित वाटणारी हालचालच आपल्याला पाडते. मी शिकवताना उतारावर हेच सर्वांत जास्त वेळा सांगते : छाती दरीकडे, दोन्ही हात नजरेसमोर. कंबरेखालचं शरीर वळू दे, वरचं दरीकडे तोंड करून शांत राहू दे. खालच्या बाजूला काठी टोचा, तिच्या रोखाने वजन सोडा, आणि स्की दरीच्या दिशेला येतात तो क्षण उरकून टाका. लोक नेमके तिथेच कचरतात आणि अर्ध्या वळणावर अडकतात. वेग वळणाच्या शेवटी मारायचा असतो, सुरुवातीला नाही.

त्याआधी आडवं घसरणं शिका. दोन्ही स्की उताराला आडव्या, कडा किंचित सैल केल्या की खाली सरकायचं, घट्ट केल्या की थांबायचं. हे दिसायला अगदीच किरकोळ. शिकायला येणारे तरुण तर नाक मुरडतात. पण जिथे वळायला जागा नाही किंवा धीर नाही, तिथून याच्याच जोरावर सुखरूप उतरता येतं.

आणि अंशांपेक्षा बर्फाकडे बघा. गुडघाभर ताज्या बर्फात 40 अंशांवर पडलात तर जागीच रुतून बसता. रात्री गोठलेल्या कडक बर्फावर 30 अंशांवर पडलात तर उतार संपेपर्यंत घसरत जाता. म्हणून सराव असा उतार शोधून करा, जो थोडाच वेळ तीव्र आहे आणि खाली मोकळ्या सपाटीला मिळतो. खाली झाडं किंवा खडक नकोत. पडलातच, तर लगेच पाय दरीकडे आणा, स्की उताराला आडव्या करा आणि कडा रोवा.

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला कॉर्बेट्स कूलुआरमध्ये उडी मारायचीच आहे. मी काय सांगू?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ‘नाही’ एवढंच सांगाल, तर तो पुढच्या वर्षी मित्रांबरोबर जाईल. त्यापेक्षा त्याला घेऊन काठावर जा आणि खाली बघू द्या.

दोन खडकांमधली ती अरुंद घळ आहे. तोंडाशी बहुधा बर्फाचा छज्जा असतो; बर्फ किती साठलाय त्यावर उडी कधी थोडी, कधी वीस फुटांच्याही वर. उतरता ती जागा 50 अंशांच्या आसपास, आणि दोन्हीकडे खडक, त्यामुळे वेग लगेच आवरावा लागतो. 1960 मध्ये बॅरी कॉर्बेट या गिर्यारोहकाने ती घळ दाखवून इथून एक दिवस लोक स्की करतील असं म्हटलं होतं. 1963 च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेतलाच हा कॉर्बेट. पुढे 1967 मध्ये लॉनी बॉल या स्की पेट्रोलरने (उतारांवरच्या सुरक्षा पथकातल्या माणसाने) ती पहिल्यांदा उतरून दाखवली. तेव्हापासून मुलांच्या डोक्यात तिचं खूळ आहे.

माझी अट अशी असते : आधी इथल्याच टॉवर थ्री शूट आणि आल्टा शूट्स या घळी न पडता, न थांबता, छोट्या वळणांनी उतरून दाखव. जमलं, तर प्रशिक्षकाबरोबर कॉर्बेट्सचा विचार करू. त्या दिवशी सुरक्षा पथकाने घळ बंद ठेवली असेल तर विषय संपला. काठावरून माघारी फिरणारे तिथे रोज असतात, आणि त्यांच्यात उत्तम स्की करणारेही असतात, हेही त्याच्या कानावर घाला.

प्रश्न : रिसॉर्टच्या सीमेवरच्या फाटकांतून बाहेर जायला परवानगी आहे म्हणे. मग तिथे सुरक्षा असेलच ना?
— एक वाचक, सिॲटल

उत्तर : नाही. फाटकं 1999 पासून उघडी आहेत, पण त्यांच्या पलीकडे सुरक्षा पथक नाही आणि हिमस्खलन रोखायला स्फोट करून सैल बर्फ आधीच पाडलाही जात नाही. बर्फाचे थर निसटतात ते बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारांवर, म्हणजे नेमके ज्यांचा मोह पडतो त्याच. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि ही तिन्ही वापरता येणारा सोबती यांतलं एकही कमी असेल तर फाटक ओलांडू नका. फाटकापाशी आधीच्या लोकांचे माग दिसतात, ते सुरक्षिततेचा पुरावा नव्हेत. सकाळी ब्रिजर-टेटॉन अव्हलांच सेंटरचा त्या दिवसाचा अंदाज वाचा. तो वाचून अर्थ लागत नसेल, तर हिमस्खलनाचा प्राथमिक कोर्स आधी करा किंवा तिथला गाइड घ्या.