चिनी ‘चिन्-शिंग’ : प्रत्येक ‘करणे’साठी नव्हे

मँडरिन शिकणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘करणे’ या अर्थाने शिकवलेले ‘चिन्-शिंग’ हे औपचारिक क्रियापद वापरून त्यांनी लिहिलेली दोन वाक्ये शिक्षकांनी का खोडली. पहिल्याचा अर्थ ‘आम्ही या प्रश्नाची चर्चा केली’ असा होता, तर दुसऱ्याचा ‘आजोबा संध्याकाळी फेरफटका मारतात’ असा.

पहिल्या वाक्यात शब्द योग्य आहे, रचना चुकली आहे. ‘चिन्-शिंग’ला कर्म म्हणून कृतीचेच नाव लागते, उदाहरणार्थ थाओलुन (चर्चा), त्याओछा (तपास), यानच्यौ (संशोधन), आणि एकदा ते कर्माच्या जागी आले, की ‘हा प्रश्न’ त्याच्या मागोमाग लिहिता येत नाही. तो ‘त्वेइ’ या शब्दयोगी शब्दासह आधी घ्यावा लागतो : ‘वोमन त्वेइ चऽग वन्-थी चिन्-शिंग ल थाओलुन.’ शिवाय कृतीचे हे नाव दोन अक्षरांचे हवे. ‘चिन्-शिंग त्याओछा’ बरोबर, पण तपासणे याच अर्थाचा एकटा ‘छा’ त्याच्यापुढे ठेवला तर चिनी कानाला ते तुटक लागते.

मग ‘सान्-पू’ म्हणजे फेरफटका, हा तर दोन अक्षरीच. तो का चालू नये? येथे प्रश्न व्याकरणाचा नसून शब्दाच्या वजनाचा आहे. १९७८ साली प्रथम प्रकाशित झालेला ‘आधुनिक चिनी शब्दकोश’ मुद्दाम बजावतो की, हे क्रियापद काही काळ चालणाऱ्या, औपचारिक व गंभीर कृतींसाठी आहे. दुपारची झोप किंवा आरडाओरडा यांना ते लावत नाहीत. मराठीत चर्चाही ‘करतात’ आणि आंघोळही, म्हणून आपल्याला ही मर्यादा सहज जाणवत नाही. आपल्या सरकारी पत्रातील ‘पाहणी करण्यात आली’ हा थाट डोळ्यांसमोर आणला तर अंदाज येईल. त्या थाटात आजोबांचा फेरफटका हास्यास्पदच वाटेल.

मात्र शब्द बरोबर बसला म्हणजे तो आवश्यक आहेच, असे नाही. कवी यू क्वांग-चुंग यांनी अशा सर्वकामी क्रियापदांमुळे चिनी गद्य सैल होते, अशी टीका केली होती, आणि माझ्या मते ती रास्त आहे. ‘आम्ही प्रश्न चर्चिला’ एवढेच सांगायचे असेल तर साधे ‘थाओलुन ल चऽग वन्-थी’ पुरते. ‘तीन वेळा सखोल चर्चा’ असे विशेषण जोडायचे असेल, तेव्हा मात्र ‘चिन्-शिंग’ खरोखर कामाला येतो, कारण त्याच्यापुढील कृतीला नामासारखी विशेषणे सहज लावता येतात.

कर्माशिवायही तो येतो : ‘पीसाय चङ्-त्साय चिन्-शिंग’, म्हणजे सामना चालू आहे. या वाक्यात ‘त्वेइ’ची गरज नाही.