दुसऱ्या आजारांची जुनी औषधं टीबीवर चालतात का?

हो, काही तर रोजच्या उपचारात आहेत. क्लोफाझिमिनचंच बघा. १९५०च्या दशकात डब्लिनमध्ये ते शोधलं गेलं टीबीसाठीच, पण नाव कमावलं कुष्ठरोगात. आता औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी परत आलंय. त्याने कातडी तांबूस-काळपट होते, घरचे घाबरतात. औषध थांबल्यावर रंग हळूहळू उतरतो, धीर धरा.

लिनेझोलिड मुळात न्यूमोनिया, त्वचेच्या संसर्गाचं. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड या टीबीच्या नव्या औषधांसोबत दिलं की औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा दीड-दोन वर्षांचा कोर्स साधारण ६ महिन्यांवर येतो. मात्र तळपायांना मुंग्या आल्या किंवा धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधावर टीबीसाठी अभ्यास झालेत, पण ते अजून टीबीचं औषध नाही. मनाने सुरू करू नका, कळकळीने सांगते.