दीडपट वेगाने ऐकलेली आई

डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास असते : ‘वर्ष संपत आले, तरी मी अजून सावरलेलो नाही.’ जणू काही दुःखाचाही ताळेबंद ३१ तारखेच्या आत जुळायला हवा. पुढे सांगितलेला अनुभव अशाच एका गृहस्थांचा असून, ओळख पटेल असे सर्व तपशील त्यात बदललेले आहेत.

त्यांची आई मार्चमध्ये गेली. त्यानंतरचे नऊ महिने त्यांनी नोकरी सांभाळली, मुलांच्या परीक्षा पार पाडल्या, कागदपत्रांची कामे उरकली, आणि घरच्यांच्या मते ते ‘बरेच सावरले’ होते. निमित्त झाले ते मोबाइलचे. वर्ष सरताना मोबाइल आपल्याच फोटोंमधून ‘आठवणींचा’ जो व्हिडिओ परस्पर तयार करून दाखवतो, तसा एक व्हिडिओ एका सकाळी त्यांच्यासमोर उघडला. उडत्या चालीच्या संगीतावर आधी सहलीचे दोन फोटो, मग वाढदिवसाचा केक आणि चौथा फोटो सलाईन लावलेल्या आईच्या हाताचा. त्यांनी व्हिडिओ बंद केला, आणि त्या क्षणी त्यांच्या लक्षात आले की आईचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, पण आवाज आठवत नाही.

“मी तिला विसरायला लागलो का? की हा काही आजार आहे?” असे त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले.

आजाराचा प्रश्न मी आधी निकालात काढला, कारण ती भीती मध्ये असली की पुढचे बोलणे होत नाही. लांबलेला शोक ही आता निदानाची मान्य संज्ञा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान 6 महिन्यांची, तर अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2022 च्या सुधारित निदानपुस्तिकेत प्रौढांसाठी किमान 12 महिन्यांची अट आहे. मात्र केवळ महिने मोजून हे निदान होत नाही. गेलेल्या व्यक्तीची ओढ जवळजवळ रोज, तीव्रपणे आणि इतकी टिकून राहते की काम, नाती, स्वतःची देखभाल हे सारेच कोलमडते, तेव्हा त्याचा विचार करायचा असतो. तसे होत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर एक दिवसही न थांबता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. या गृहस्थांच्या बाबतीत तसे काही नव्हते. आवाजाचे म्हणाल, तर मनातल्या मनात तो पुन्हा उभा करणे पुष्कळांना चेहऱ्यापेक्षा अवघड जाते. तोच आवाज कानावर पडला की मात्र एका शब्दात ओळख पटते. आठवता न येणे आणि विसरणे यांत अंतर आहे.

हे ऐकून त्यांना हायसे वाटेल अशी माझी अपेक्षा होती. ते मान खाली घालून बसून राहिले. खरी गोष्ट तिसऱ्या भेटीत बाहेर आली.

आई त्यांना रोज सकाळी व्हॉइस मेसेज पाठवत असे. ते कामाच्या गडबडीत असत, म्हणून सगळे मेसेज दीडपट वेगाने ऐकत, आणि ती मध्ये थांबली की तेवढा भाग पुढे सरकवत. “मला तिचा आवाज आठवायचा तरी कसा? मी तो कधी नीट ऐकलाच नाही. जो थोडाफार आठवतो, तोही दीडपट वेगाचाच.”

अशा वेळी ‘सगळेच असे करतात’ म्हणून अपराधभाव पुसून टाकण्याचा मोह होतो. तो मी आवरला, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि खऱ्या हळहळीला खोटे ठरवले की माणूस पुन्हा एकटा पडतो. एकच सुचवले : एक मेसेज निवडा आणि तो इथे, मूळ वेगाने, एकदाच ऐका.

त्यांनी निवडलेला मेसेज 41 सेकंदांचा होता. “अरे, आज चिमण्या फारच भांडताहेत. थांब, ऐक.” त्यानंतर आई गप्प. मागे झाडावरचा चिवचिवाट, एका पानांनी भरलेल्या फांदीची सळसळ, तिच्या श्वासाचा किंचित आवाज, आणि शेवटी, “ऐकलंस? बरं, कामाला लाग.” मधली ती शांतता 12 सेकंदांची होती. दीडपट वेगाने ती 8 सेकंदांची झाली असती, पण हे गृहस्थ तेवढीही थांबत नसत. आई जे ऐकवण्यासाठी मेसेज पाठवत होती, नेमके तेच त्यांनी दरवेळी वगळले होते.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “ते झाडही पावसाळ्याआधी तोडले.”

या वाक्यावर आम्ही दोन भेटी घालवल्या. माणूस गेल्याचे दुःख लोक समजून घेतात, पण झाड तुटले आणि सकाळचा चिवचिवाट थांबला याचे दुःख बोलून दाखवायलाही माणसाला संकोच वाटतो. आपण घर सोडलेले नसताना घराभोवतीचा परिसरच बदलून जातो, तेव्हा होणाऱ्या यातनेसाठी ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ ग्लेन आल्ब्रेख्ट यांनी ‘सोलास्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. खुल्या कोळसा खाणींनी ज्यांचा परिसर पालटून टाकला, अशा लोकांच्या अनुभवांमधून तो आला. या गृहस्थांच्या घरी आता पहाटे जी शांतता होती, तीत आई आणि झाड या दोघांचे नसणे एकत्र मिसळले होते, आणि ते मात्र सारा दोष आपल्या स्मरणशक्तीला देत होते.

दरम्यान त्यांच्या भाच्याने सुचवले की इतके मेसेज आहेत, तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आजीचा आवाज तयार करता येईल. ती हवे ते बोलेल. गेलेल्यांचा आवाज राखून ठेवण्याची इच्छा नवी नाही. एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफ, म्हणजे आवाज नोंदवून पुन्हा ऐकवणारे यंत्र, बनवला आणि पुढच्याच वर्षी त्याचे जे उपयोग सांगितले, त्यांत कुटुंबातील माणसांचे आणि मरणाऱ्यांचे शब्द जपून ठेवणे हाही होता. मात्र जपलेले शब्द वेगळे आणि बनवलेले शब्द वेगळे. मी मनाई केली नाही. एवढेच विचारले की त्या आवाजाने काय म्हणावे असे तुम्हाला वाटते. “काही हरकत नाही, असे,” ते पटकन म्हणाले, आणि क्षणभराने, “पण मग ते मीच म्हटल्यासारखे होईल.” तो विषय तिथेच थांबला.

मानसशास्त्रज्ञ मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये शोकाविषयी मांडलेले एक प्रारूप मला अशा कामात उपयोगी पडते : शोक करणारा माणूस हानीकडे आणि रोजच्या जगण्याकडे आळीपाळीने वळत असतो, आणि ही ये-जा हेच सावरण्याचे लक्षण असते. अडचण अशी की मोबाइल ही ये-जा आपल्या हातात ठेवत नाही. बैठकीला निघताना तो सलाईनचा फोटो दाखवतो. म्हणून आम्ही काही साधी कामे केली. आठवणींची सूचना बंद केली आणि आजारपणातील तारखा त्या व्हिडिओंतून वगळल्या, कारण तशी सोय सेटिंगमध्ये असते. सर्व व्हॉइस मेसेज मोबाइलबाहेर दोन ठिकाणी उतरवून ठेवले, म्हणजे मोबाइल बिघडला तर सगळेच जाईल या धास्तीने रोज उघडून पाहायला नको. ऐकण्याचा वेळ त्यांनी स्वतः ठरवला : रविवारी सकाळी, खिडकीजवळ, एकच मेसेज.

वर्षाच्या शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितले की या रविवारी मेसेज संपल्यावरही ते खिडकीशी बसून राहिले, आणि पलीकडच्या तारेवर दोनच चिमण्या होत्या, पण भांडत होत्या. मग निघताना विचारले, “पुढच्या वेळी इथे आणखी एक मेसेज ऐकायचा का?”

“तुम्ही ठरवा.”

त्यांनी थोडा विचार केला. “मग पुढच्या वेळी नको. त्याच्या पुढच्या वेळी.”