आवडत्या स्वस्त ब्रँडनं आयशॅडोचा फॉर्म्युला बदललाय की मलाच आता लावता येत नाही?

तुम्ही लिहिलंय की नेहमीचंच पॅलेट, त्याच नावाचं, संपलं म्हणून परत मागवलं तर रंग पापणीवर बसतच नाही, निम्मी पावडर गालावर गळते, आणि बहीण म्हणते तुझाच हात बिघडलाय. हात बिघडला नाही ओ तुमचा. पावडर बदललीय. तुम्ही म्हणताय तो ब्रँड आणि माझा एकच असावा असं वर्णनावरून वाटतंय, नाव मी इथं घेत नाही, आणि वेगळा असला तरी सांगायचंय ते तेच आहे.

मी कोल्हापुरात घरीच पार्लर चालवते आणि लग्नसराईत ब्रायडलच्या ऑर्डरी घेते. किटमध्ये फाउंडेशन महागातलं ठेवावंच लागतं, तिथं कंजूसपणा केला की फोटोत दिसतो, पण डोळ्यांसाठी मात्र कितीतरी सीझन हे एकच तपकिरी-मरून-सोनेरी पॅलेट चाललं. हिरवा शालू असो नाहीतर जांभळी पैठणी, सगळ्यावर जायचं. नवरीमुलींना वाटायचं काहीतरी बाहेरनं मागवलेलं आहे, मी पण कधी किंमत सांगितली नाही. म्हणून राग जास्त आला. महाग वस्तू बिघडली तर आपण म्हणतो जाऊ दे, पैसेवाल्यांचं नाटक, पण स्वस्तातली चांगली वस्तू बिघडली की आपली हक्काची सोय कुणीतरी गुपचूप काढून घेतल्यासारखं वाटतं. आणि वर खोक्यावर छापलेलं काय, तर ‘न्यू इम्प्रूव्ह्ड’!

नवीन पॅलेट पहिल्यांदा उघडलं ते एका सकाळच्या मुहूर्ताला, हॉलवर. मरूनमध्ये ब्रश टेकवला तर पॅनमध्येच, म्हणजे रंगाच्या त्या छोट्या पत्र्याच्या डबीतच, धुरळा उठला, झटकून पापणीवर लावला तर आधी रंग दिसला आणि दोनदा ब्लेंड केल्यावर गायब, उरला तो विटकरी डाग. परत लावला, परत तेच. करवली शेजारी उभी राहून बघत होती, म्हणाली, “वैनी, डोळ्याखाली काय पडलंय ओ तिच्या?” बघते तर झालेल्या बेसवर, म्हणजे फाउंडेशनवर, सगळा मरून शिंतोडा. नशीब जुन्या पॅलेटच्या पॅनच्या कडेला थोडा रंग चिकटून राहिला होता, तो खरवडून नवरीचे डोळे पुरे केले. घरी आल्यावर गॅलरीतल्या उजेडात हातावर जुना आणि नवा शेजारी शेजारी ओढून बघितला. जुना लोण्यासारखा सरकायचा आणि एका बोटात पट्टा भरायचा. नवा खडूसारखा ओढला जात होता, मधेमधे कातडी दिसत होती, आणि फुंकर मारली की कडेचा उडून जायचा.

महाद्वार रोडवरच्या नेहमीच्या दुकानदारांकडं गेले तर ते म्हणाले, “ताई तेच आहे की, फक्त डबा बदललाय.” त्यांचा दोष नाही, त्यांना कंपनीचा माणूस जे सांगतो ते ते सांगणार. पण जुनं खोकं मी टाकलं नव्हतं, ते नेऊन काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवली. तुम्ही पण हेच करा. जुनं खोकं नसेल तर पॅलेटच्या मागचं स्टिकर बघा, तेही नसेल तर ऑनलाइन जुन्या रिव्ह्यूत लोकांनी टाकलेले खोक्याच्या मागच्या बाजूचे फोटो शोधा, बऱ्याचदा सापडतात.

सगळ्यात आधी बघायचा तो पत्ता. आपल्याकडं ब्रँड एकाचा आणि माल बनवणारा दुसराच असं सर्रास असतं, म्हणून खोक्यावर मार्केटेड बाय वेगळं आणि मॅन्युफॅक्चर्ड बाय वेगळं लिहिलेलं असतं. ब्रँडचं नाव तेच पण बनवणारा कारखाना बदलला असेल तर घटकांची यादी अक्षरशः तशीच्या तशी असली तरी माल वेगळा येऊ शकतो. कारण आयशॅडो म्हणजे पावडर दळायची, त्यात रंग मिसळायचा, पावडर धरून ठेवणारं बाईंडरचं तेल घालायचं आणि पत्र्याच्या पॅनमध्ये दाब देऊन बसवायचं. दळण किती बारीक, तेल किती, दाब किती, यातलं काहीच खोक्यावर नसतं. दाब कमी पडला की धुरळा उडतो आणि जास्त झाला की पॅन दगड होतो, ब्रशला रंगच येत नाही. माझ्या दोन खोक्यांवर पत्ते वेगळे होते.

मग यादी. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, म्हणजे पहिली चार-पाच नावं हाच खरा माल. माझ्या जुन्या खोक्यावर पहिलं टाल्क, मग मायका म्हणजे अभ्रक, मग झिंक स्टिअरेट, मग डायमेथिकोन म्हणजे सिलिकॉनचं तेल. नव्यावर टाल्क गायबच, मायका पहिलं, त्यामागं कॉर्न स्टार्च आणि सिलिका, आणि स्टिअरेट पार खाली ढकललेलं. इथंच सगळं कळलं. टाल्क हा खनिजांमधला सगळ्यात मऊ, त्याचे पापुद्रे एकमेकांवरनं घसरतात म्हणून ब्लेंड करताना तो सरक येतो. स्टिअरेटमुळं पावडर कातडीला धरून राहते. एक काढलं, दुसरं कमी केलं, मग गळणार नाही तर काय होणार!

टाल्क का काढतात तर त्याला कारण आहे, उगीच शिव्या देऊन उपयोग नाही. टाल्क आणि अ‍ॅस्बेस्टॉस जमिनीत शेजारी सापडतात, त्यामुळं खाणीतनंच भेसळ यायची भीती असते. जॉन्सन अँड जॉन्सननं टाल्कवाली बेबी पावडर अमेरिका आणि कॅनडात २०२० साली बंद करायचं ठरवलं, मग २०२३ मध्ये जगभरात बंद केली. जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. म्हणून आता टाल्क-फ्री लिहिलं की माल खपतो. माझं म्हणणं एवढंच की टाल्क काढूनही चांगली आयशॅडो बनते, महागड्या ब्रँडच्या बनतातच, पण त्यासाठी सिंथेटिक मायका, चांगलं कोटिंग केलेले रंग असलं काही वापरावं लागतं आणि त्याला पैसे पडतात. किंमत तीच ठेवून टाल्कच्या जागी स्टार्च भरला की आपल्या हातात येतो तो हा खडू.

रंगाचं वेगळंच. तुमचा पण मरूनच जास्त बिघडलाय असं लिहिलंय, तर यादीच्या शेवटी सीआय, म्हणजे कलर इंडेक्स, असं लिहून जे रंगांचे नंबर असतात ते बघा. सीआय ७५४७० म्हणजे कार्माईन, कोचिनील नावाच्या किड्यांपासनं काढलेला लाल. वीगन असा शिक्का मारायचा तर ते काढावं लागतं. त्याच्या जागी नुसता आयर्न ऑक्साईडचा लाल, म्हणजे सीआय ७७४९१, वाढवला तर मरूनचा विटकरी होतोच, कारण तो रंगच मुळात विटेचा, गेरूतला. कुणाला किड्याचा रंग डोळ्याला लावायचा नसेल तर त्यांचं बरोबरच आहे, पण मग शेडचं नाव तरी बदला की ओ! एक अडचण अशी की पॅलेटवर रंगांचे नंबर सगळ्या शेड्सचे मिळून एकत्र छापतात, ‘मे कंटेन’ म्हणून, त्यामुळं कुठल्या पॅनमध्ये कुठला हे नेमकं कळत नाही. पण जुन्यावर नंबर होता आणि नव्यावर नाही, एवढं तर दिसतं ना.

हे सगळं करताना वजन पण बघून घ्या. माझ्या नव्या पॅलेटात ग्रॅम कमी होते आणि एमआरपी वाढलेली. खोकं मात्र मोठं.

आता एवढं जुळवून बघितलं आणि पत्ता, यादी, नंबर सगळं सेम निघालं तर मात्र दोन गोष्टी तपासा. एक, पॅनवर वरनं चकचकीत कडक थर आलाय का, बोटाचं तेल लागून तसं होतं, त्यावर सेलोटेप हलकी चिकटवून ओढली की थर निघतो आणि खालचा रंग नीट येतो. दुसरं, माल डुप्लिकेट आहे का. स्वस्त वस्तूचं कोण डुप्लिकेट करणार असं वाटतं, पण खप असेल तर स्वस्ताचंही करतात. बॅच नंबर नाही, तारीख पुसट, स्पेलिंग चुकलेलं, असलं काही दिसलं तर ते डोळ्याला लावूच नका.

पॅलेट फेकून द्यायचं का असं विचारलंय तुम्ही. शिमर, म्हणजे चमकीवाले रंग, तर बिलकूल फेकू नका. माझ्या नव्या पॅलेटातला सोनेरी जुन्यापेक्षा लई भारी आहे, मायका वाढलंय त्याचाच तो फायदा, बोट किंचित ओलं करून पापणीच्या मधोमध दाबला की काम झालं. मॅटसाठी, म्हणजे बिनचमकीच्या रंगांसाठी, आधी पापणीवर कन्सीलरचा अगदी पातळ हात द्या आणि तो पुरता सुकायच्या आत, जरा चिकट असतानाच, चपट्या ब्रशनं रंग दाबून बसवा, घासू नका. घासून ब्लेंड करायची सवय आपल्याला जुन्या पावडरीनं लावलेली, ती नवीला चालत नाही. कडा दुसऱ्या स्वच्छ ब्रशनं मोडा. आणि डोळे आधी, बेस नंतर, म्हणजे जे काय गळायचंय ते गळू दे, पुसून टाकायचं. एवढं करून रोजच्या ऑफिसला किंवा हळदीकुंकवाला चालून जातं. जुलैत इथं पाऊस लागतो तेव्हा मात्र काहीही करा, दुपारपर्यंत पापणीच्या घडीत रेघ पडतेच, निदान मला तरी त्यावर उपाय सापडलेला नाही. लग्नाच्या ऑर्डरीला म्हणूनच मी आता मरून आणि गडद तपकिरी अशा शेड्स सुट्या पॅनमध्ये घेते, दुसऱ्या कंपनीच्या. महाग पडतात, पण दोनच लागतात.

जुना स्टॉक शोधत फिरू नका हे मात्र कळकळीनं सांगते. माझ्या एका मैत्रिणीनं शाहूपुरीपासनं गांधीनगरपर्यंत दुकानं पालथी घातली आणि मिळालेली सगळी जुनी पॅलेट उचलली. पण तारीख संपत आलेला माल डोळ्याच्या इतक्या जवळ लावायचा, त्यात बाईंडर सुकलेला असला तर तोही जुन्यासारखा चालत नाहीच. उघडल्यावर किती महिने वापरायचं ते खोक्यावर उघड्या डबीच्या चित्रात १२ एम, २४ एम असं लिहिलेलं असतं, तेवढं पाळा.

तक्रारीचं म्हणाल तर फॉर्म्युला बदलणं काही बेकायदा नाही, फक्त छापलेली यादी आणि वजन खरं पाहिजे. तरी खोक्यावर ग्राहक सेवेचा नंबर आणि ईमेल असतो, तिथं जुना बॅच नंबर, नवा बॅच नंबर आणि हातावरच्या दोन पट्ट्यांचा फोटो असं पाठवा. ‘खराब आहे’ एवढंच लिहिलं तर साच्यातलं उत्तर येतं. मी पाठवलं तेव्हा आधी साच्यातलंच आलं, मग बॅच नंबर धरून परत विचारल्यावर त्यांनी कबूल केलं की ‘फॉर्म्युलेशन अपडेट’ झालंय, आणि एक लिपस्टिक फुकट पाठवून दिली. शेड मला न शोभणारी. वजन कमी भरलं किंवा माल डुप्लिकेट निघाला तर मात्र १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, तिथं मराठीत पण बोलता येतं.

तुमच्या दोन्ही खोक्यांवरची पहिली पाच नावं आणि कारखान्याचा पत्ता खाली कमेंटमध्ये टाकलात तर काय बदललंय ते बघून सांगते.