झेब्रा दिसत नाही, गाड्या थांबत नाही: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या इकडचा रोड सिमेंटचा झाला, त्यावर झेब्राही मारला, पण दुपारी उन्हात तो दिसतच नाही. डांबरी रोड होता तेव्हा लांबूनच दिसायचा. पेंट हलका वापरला का? – एक दुकानदार, मानेवाडा

भाऊ, सगळा राग पेंटवर काढू नका. डांबर काळं असतं म्हणून त्यावर पांढरा पट्टा उठून दिसतो, सिमेंट रोड मुळातच पांढुरका आणि त्यात आपलं नागपूरचं मे महिन्यातलं ऊन, मग कितीही भारी पेंट मारा, पांढऱ्यावर पांढरंच ना ते. याला उपाय सोपा आहे, आधी काळा बेस मारायचा आणि त्यावर पांढरे पट्टे, म्हणजे मधल्या गॅपमधे काळं दिसतं. गावभर सिमेंट रोड करून टाकले पण हा काळा हात मारायचं जवळपास सगळीकडे राहूनच गेलं, असं माझं मत.

दुसरी गोष्ट रात्रीची. चांगल्या कामात थर्मोप्लास्टिक, म्हणजे गरम करून वितळवायचा रंग, वापरतात, ते जवळपास 200 अंशाला वितळवून साधारण अडीच मिलिमीटर जाडीचा थर देतात आणि तो गरम असतानाच वरून काचेचे बारीक मणी टाकतात. गाडीच्या हेडलाइटचा उजेड त्या मण्यांवरून परत ड्रायव्हरच्या डोळ्यात येतो म्हणून पट्टा चमकतो. मणी टाकायला उशीर झाला, थर थंड झाला, की ते नुसते वर बसतात अन् टायरखाली उडून जातात. कसं ओळखायचं? रात्री बाइकचा लाइट लावून थोडं लांबून बघा, पट्टे चमकले नाही तर समजून जा. आणि पापुद्रे निघत असतील तर रोड नीट साफ न करता, प्रायमर न मारताच काम उरकलं असेल, नव्या सिमेंटवर तर क्युरिंगचा, म्हणजे ते लवकर सुकू नये म्हणून फवारलेला, जो थर असतो तो काढल्याशिवाय काही टिकत नाही.

सांगायचं कुणाला म्हणाल तर आधी रोड कुणाचा ते विचारा, कारण नागपुरात काही रोड मनपाचे, काही पीडब्ल्यूडीचे, काही एनआयटीचे (नागपूर सुधार प्रन्यास), काही हायवेवाल्यांचे. मनपाचा असला तर आपल्या झोन ऑफिसात फोटोसकट लेखी द्या. फक्त ‘पट्टे मारा’ लिहाल तर पुन्हा तसेच पांढरे मारून जातील, ‘काळ्या बेसवर, मणी टाकून’ असं स्पष्ट लिहा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

प्रश्न: माझं वय 71. धंतोलीत दवाखान्यात जावं लागते, रोडच्या मधोमध पोचते तोवर सिग्नल सुटतो. पळू की थांबू? – एक आजी

आजी, पळायचं अजिबात नाही. डिव्हायडर असेल तर तिथेच उभं राहायचं, पुढच्या वेळी बाकीचा रोड पार करायचा. हिशोब सांगतो, चालणाऱ्यांसाठी सिग्नलची वेळ ठरवताना साधारणपणे सेकंदाला 1.2 मीटर चाल धरतात, म्हणजे 14 मीटरच्या रोडला 12 सेकंद. तुमची चाल 0.8 असली तर साडेसतरा लागतात. चूक तुमच्या गुडघ्यांची नाही, हिशोब जवान माणसाचा आहे. आणि तो आकड्यांचा टायमर बघून निघू नका, बहुतेक चौकात तो गाड्यांसाठी असतो. शिवाय समोरचा ट्रॅफिक थांबला तरी डावीकडे वळणारे थांबत नाही, तिकडे मान वळवूनच पाय टाका. घरच्या कुणाला तरी ट्रॅफिक पोलिसांकडे वेळ वाढवायचा अर्ज द्यायला लावा, दवाखान्यांचा भाग आहे म्हटल्यावर तो मागायला लाजायचं कशाला.

प्रश्न: थ्रीडी झेब्रा काहून नाही काढत बावा आपल्याकडे? फोटोत तर लय भारी दिसते. – कॉलेजवाला, प्रतापनगर

फोटोतच भारी. 2016 मधे आपल्या गडकरींनीच थ्रीडी चित्रं स्पीडब्रेकरसारखी वापरून बघतो असं सांगितलं होतं, तेव्हा बरीच चर्चा झाली. पण ते चित्र एकाच बाजूने, एकाच अंतरावरून उठावदार दिसतं, अन् रोज त्याच रोडने जाणारा काही दिवसात ओळखतो की बा हे नुसतं चित्र आहे, मग कोण ब्रेक मारते? त्यापेक्षा झेब्राच फुटपाथच्या उंचीला उचलून घ्यावा, गाडीला हळू व्हावंच लागते आणि व्हीलचेअरलाही उतार-चढ नाही. शाळांसमोर तरी मी हेच मागीन.

प्रश्न: उन्हाळ्यात सिग्नलवर हिरवी नेट बांधतात, तिच्या सावलीत थांबलो आणि गाडी झेब्र्यावर गेली तर चलान होते का? – एक बाइकवाला

होऊ शकते. 2017 च्या ड्रायव्हिंग नियमांनुसार स्टॉप लाइनच्या मागेच थांबायचं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर हे नियम मोडले तर कायद्यात 500 ते 1000 रुपये दंड आहे. सावली हे कारण ऐकून घेत नाही कुणी. नेट स्टॉप लाइनच्या मागे बांधली तर हा प्रश्नच येणार नाही, तेव्हा नेट पुढे सरकलेली दिसली तर तोही फोटो झोन ऑफिसच्या अर्जाला जोडा.