किलिमांजारोच्या वाटेवर मेलेला दिसलेला, टोकदार नाकाचा काळसर उंदीर कोणता?

टांझानियातल्या किलिमांजारोच्या चढाईत दिसलेल्या दोन प्राण्यांबद्दल तुम्ही फोटो पाठवून विचारलंय. होरोम्बो या वरच्या मुक्कामाच्या झोपड्यांपाशी सांडलेलं अन्न वेचणारा, पाठीवर पट्टे असलेला तो चार पट्ट्यांचा गवती उंदीर. तिथे मुक्काम करणाऱ्या बहुतेकांना तो दिसतोच. पण मांडरा हा खालचा मुक्काम सोडल्यावर वाटेत मेलेला दिसला, तो उंदीरच नाही. ती चिचुंद्री आहे, आणि तुमचा फोटो पाहून मी खरोखर हरखून गेलो.

चिचुंद्री उंदरांच्या कुळातली नाही. तिचं नातं खार आणि साळिंदर यांच्याशी नव्हे, तर जाहक (काटेरी हेजहॉग) आणि जमिनीखाली बोगदे खणणारा मोल यांच्याशी. पुढचे दात कुरतडायला नसून किडे, गांडुळं पकडायला असतात. आता शेपूट बघा. आपल्या घरात येणाऱ्या चिचुंद्रीच्या शेपटीवर मधूनमधून लांब, विरळ केस असतात, आणि आफ्रिकेतल्या बहुतेक चिचुंद्र्यांचंही तसंच. तुमच्या फोटोतली शेपूट आखूड आहे आणि तिच्यावर असे केस दिसत नाहीत. शिवाय पुढच्या पायांची नखं लांब आहेत. म्हणून मला ही मायोसोरेक्स झिंकी नावाची चिचुंद्रीची जात वाटते. फोटोवरून शपथेवर सांगता येणार नाही, त्यासाठी कवटी आणि दात पाहावे लागतात.

ही जात जगात फक्त किलिमांजारोवर आहे. १९५६ साली तिला नाव मिळालं आणि पुढे कितीतरी वर्षं संग्रहालयांत तिचे मोजकेच नमुने होते. कारण साधं होतं. उंदराच्या पिंजऱ्यात लावलेलं खाणं किडे खाणाऱ्या प्राण्याला ओढत नाही. २००२ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमचे विल्यम स्टॅनली आणि त्यांचे सहकारी या डोंगरावर वेगवेगळ्या उंचीवर राहिले. त्यांनी जमिनीत काठापर्यंत बादल्या पुरल्या आणि त्यांच्यावरून प्लास्टिकचा उभा पडदा लावला. पडद्याच्या कडेने पळणारा जीव आपसूक बादलीत पडतो. अशा कामातून कळलं की ही चिचुंद्री दाट जंगलापासून थेट वरच्या झुडपांच्या पट्ट्यापर्यंत, सुमारे ४००० मीटरपर्यंत राहते.

तिच्या भाऊबंदांपैकी एक जात टांझानियातल्याच उलुगुरू डोंगरांत आहे, एक उझुंग्वा डोंगरांत. मधली सपाट, उष्ण, कोरडी जमीन त्यांना ओलांडता येत नाही, त्यामुळे प्रत्येक डोंगर म्हणजे त्यांच्यासाठी एक बेटच. किलिमांजारोवर वणव्यांमुळे जंगलाची वरची कड खाली सरकली आहे, याची मला काळजी वाटते. या जातीला पळून जायला दुसरा डोंगर नाही.

मेलेली का सापडली? आमच्या घरची मांजर चिचुंद्री मारायची आणि तशीच अंगणात टाकून द्यायची. अंगाच्या उग्र वासामुळे ती खाववत नसे. तुमच्याही वाटेवर एखाद्या शिकाऱ्याने तेच केलं असावं. (आपली घरगुती चिचुंद्री जहाजांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही पोचली आहे, पण तुम्ही होतात त्या उंचीवरची ही नक्कीच ती नव्हे.)

एक विनंती आहे. मोबाइलमधला मूळ फोटो पुसू नका. त्यात जागेची आणि वेळेची नोंद असेल, तर तो आयनॅचरलिस्ट या प्राणी-वनस्पतींच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तुम्ही झाडांच्या पट्ट्यात होतात की उघड्या झुडपांत, हे आठवत असेल तर इथे खाली लिहाल का?