बर्माचं रस्त्यावरचं खाणं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या गावचे काही उपासक-उपासिका रंगूनला श्वेडगॉन पॅगोड्याच्या दर्शनाला जायचं म्हणतात. एका संध्याकाळी गाइडसोबत पायी फिरून तिथलं रस्त्यावरचं खाणं खायचं आहे. अर्धी मंडळी मांस-मासे खात नाहीत. काय खावं, काय टाळावं?
— एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : आधी जाण्याचंच पक्कं करा. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यापासून म्यानमारच्या बऱ्याच भागांत लढाई सुरू आहे. तिकिटं काढण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा. पोचल्यावर रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहता येतं, ते हॉटेलात विचारा. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या, घडी न पडलेल्या नोटा न्या. मळकी नोट तिथे परत हातात ठेवतात.

सुले पॅगोड्यापासून सुरुवात करा आणि अनोयाठा रस्त्याने पश्चिमेकडे चालत १९व्या गल्लीपर्यंत जा. अंतर एक-सव्वा किलोमीटर, पण खातखात जायला दोन तास धरा. फूटपाथवर गटारावरच्या फरश्या कुठे तुटलेल्या, कुठे नाहीतच. म्हाताऱ्या माणसांसोबत एकेक टॉर्च हवाच.

या पट्ट्यात भारतीय वस्ती जुनी, त्यामुळे पहिला थांबा समोशाचा करा. समोसा अथोक मागा, अथोक म्हणजे कालवलेला पदार्थ. बाई गरम समोसे कात्रीने कचाकच कापते, त्यावर पानकोबी, कांदा, पुदिना, उकडलेले हरभरे आणि चिंचेचं पाणी घालून हाताने कालवते. बर्मातलं कुठलंही अथोक असं हातानेच कालवतात. मन घेत नसेल तर चमच्याने करायला सांगा, कुणी रागावत नाही. दुसरा थांबा बुदी जो, म्हणजे दुधी भोपळ्याच्या लांब फोडींची भजी. कढईतून निघताना दिसतील तेव्हाच घ्या, थंड झाल्या की चामट होतात.

शाकाहाऱ्यांची खरी फसगत पदार्थात होत नाही, चटणीत होते. ङापी म्हणजे आंबवलेल्या मासळीचा किंवा झिंग्यांचा लगदा, शिवाय मासळीचं पाणी आणि सुक्या झिंग्यांची पूड, हे सगळं वरून न दिसता आत असतं. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. ‘थेत-थत-लुत’ म्हणा, म्हणजे शुद्ध शाकाहारी असा अर्थ घेतात, आणि भज्यासोबतची चटणीसुद्धा विचारून घ्या. १९व्या गल्लीत काड्यांना टोचलेल्या कच्च्या वस्तू टोपलीत निवडून द्यायच्या, ते निखाऱ्यावर भाजून आणतात. भेंडी, मशरूम, लसूण छान लागतात, पण डुकराच्या मांसाला फिरवलेला ब्रश त्यांवरही फिरतो. कडक शाकाहाऱ्यांनी तिथे नुसतं बसावं. चहाच्या आंबवलेल्या पानांचं लाफे अथोक रात्री जपून खा. ती चहाचीच पानं, झोप उडते. सुके झिंगे त्यातही असतात.

बेत रद्दच झाला तर चेन्नई गाठा. नागपूर-बल्लारशाहहून थेट गाड्या आहेत. बर्मातून परतलेल्या तमिळ कुटुंबांनी तिथे बर्मा बाजाराच्या आसपास ‘अथो’च्या, म्हणजे कालवलेल्या नूडल्सच्या गाड्या लावल्या. चव थोडी मद्राशी झाली आहे, पण कालवायची रीत तीच.

प्रश्न : बर्मातलं ‘तोहू’ बेसनाचं असतं म्हणे. बचत गटाच्या स्टॉलवर ठेवायचं आहे. एकदा केलं तर थापलंच नाही, सगळं पातळ राहिलं.
— महिला बचत गट, ता. उमरेड

उत्तर : हे शान प्रांताचं खाणं, नाव टोफूसारखं असलं तरी यात सोयाबीन नसतं. पाटवडीसारखंच बेसन शिजवायचं, पण पाणी कितीतरी जास्त. तळायचं असेल तर ५०० ग्रॅम बेसनाला अडीच लिटर पाणी, कालवून द्यायचं असेल तर तीन.

बारीक दळलेलं बेसन घ्या. लाडूचं जाड बेसन खाली बसतं आणि तोहू रवाळ होतं. निम्म्या थंड पाण्यात बेसन, चहाचा एक चमचा हळद आणि चार सपाट चमचे मीठ घोळून दोन तास ठेवा, मग गाळा. जाड बुडाच्या गंजात उरलेलं पाणी दोन पळ्या तेल घालून उकळा आणि घोळलेलं पीठ बारीक धारेने सोडत सारखं ढवळा. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गाठी झाल्याच म्हणून समजा.

तुमचं बहुतेक इथे चुकलं असावं: दाट झालं की गॅस बंद केला. दाटपणा लवकर येतो, पण पीठ आत कच्चंच असतं. मध्यम आचेवर बुडबुडे फुटायला लागल्यावर आणखी १२ ते १५ मिनिटं ढवळा. चकाकी येते, कच्चा वास जातो. एक चमचा थंड ताटलीत टाका. दोन मिनिटांत बोटाने उचलता आलं तर झालं. तेल लावलेल्या परातीत दीड इंच जाड ओता. गरम असताना झाकू नका, वाफेचं पाणी वर साचतं. कालवायला तीन तासांत तयार. तळायचं तोहू मात्र रात्रभर ठेवा, नाहीतर कढईत फुटतं. तुकडे फडक्याने टिपून तेलात सोडा आणि पहिली दोन मिनिटं झारा लावू नका.

कालवताना चिंचेचा कोळ, भाजलेलं बेसन, फल्लीदाण्याचा कूट, तिखट, सांबार (कोथिंबीर) आणि कांद्याचं तेल घाला. या तेलासाठी कांदा पातळ चिरून मंद आचेवर तळतात. फिका सोनेरी झाला की लगेच काढा, बाहेर काढल्यावरही तो लाल होत राहतो. लाल होईस्तोवर कढईत ठेवला तर तेल कडू होतं. भाजलेलं बेसन विसरू नका. आंबट पाणी ताटलीच्या तळाशी न साचता तुकड्यांना धरून राहतं ते त्यामुळेच. गिऱ्हाईक समोर आल्यावरच कालवा.

प्रश्न : मोहिंगा करायला आमच्या तलावातला मागूर चालेल का?
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव

उत्तर : चालेल, मोहिंगा म्हणजे माशाच्या रश्शातल्या तांदळाच्या शेवया, आणि बर्मातही त्यात याच जातकुळीतला मासा वापरतात. फक्त देशी मागूर घ्या. थाई मागूर पाळायला २००० सालापासून बंदी आहे. गवती चहा, हळद, आलं घालून मासा उकडा, काटे काढा. तांदूळ भाजून दळा आणि दोन लिटर रश्शाला चार पळ्या लावा. ङापीऐवजी सुकटाची पूड घाला. केळीच्या गाभ्याच्या चकत्या कापताना निघणारे धागे बोटाला गुंडाळून काढा आणि चकत्या लगेच ताकात टाका, उघड्या राहिल्या की काळ्या पडतात. मोहिंगा तिथे मुख्यतः सकाळचा नाश्ता आहे, रंगूनला गेलात तर संध्याकाळी शोधत बसू नका.

प्रश्न : अप्पेपात्रात बर्माचं काही होतं का?
— एक वाचक, मूल

उत्तर : मों लिन मया होतं. तांदळाचं पीठ एक वाटी, पाणी सव्वा वाटी, मीठ, चिमूटभर सोडा. पात्र आधी चांगलं तापवा. कोमट पात्राला पीठ चिकटतं. खळगे पाऊणच भरा. अर्ध्यांवर पातीचा कांदा आणि उकडलेले हरभरे घाला, तिथे लावीचं अंडंही फोडतात. झाकण ठेवा. कडा सुटल्या की दोन अर्धे तोंडाला तोंड लावून एक करा. वरचं पीठ पुरतं वाळायच्या आत जोडलं तरच चिकटतं.